पायांस सूज कां येते ?

चेहऱ्यावर एक पुटकुळी उठली तर मनुष्य दहा वेळां आरशांत पाहतो. पण पावलें फुगलीं, वहाणेचा पट्टा रुतूं लागला, जोडवीं बोटांतून निघेनाशीं झालीं, तरी "आतां वय झालें", "आज फार उभें राहणें झालें", असें म्हणून तो स्वतःची समजूत घालतो. दुसरा एक वर्ग याच्या उलट वागणारा आहे. सूज दिसतांच तो शेजाऱ्यास लागू पडलेली लघवीची गोळी मागून आणतो, पाणी पिणें तोडतो, आणि सूज उतरली कीं रोग गेला असें समजून निश्चिंत होतो. वरवर पाहतां हे दोन वर्ग परस्परविरुद्ध दिसतात. परंतु दोघांचीही चूक एकच आहे. दोघेही सुजेलाच रोग समजतात. वास्तविक सूज ही शरीरानें पाठविलेली वर्दी होय. वर्दी घेऊन आलेल्या जासुदाकडे दुर्लक्ष केलें किंवा त्यास हांकून दिलें, म्हणून सरहद्दीवर आलेला शत्रु परत जात नाहीं. जासूद कोठून आला आणि काय सांगत आहे, हें विचारणें हाच शहाणपणाचा मार्ग.

ही वर्दी वाचतां येण्यासाठीं शरीरांतील पाणीपुरवठ्याची व्यवस्था थोडक्यांत ध्यानीं घेतली पाहिजे. हृदयांतून निघालेलें रक्त रोहिण्यांतून वाहत वाहत अखेर केसाहूनही बारीक अशा वाहिन्यांत येतें. या केशवाहिन्यांच्या भिंती सच्छिद्र असतात. मातीच्या माठांतून पाणी पाझरावें, तसें रक्तांतील पाणी त्यांतून बाहेर पाझरतें आणि भोंवतालच्या पेशींस पोषण पोंचवितें. पाणी बाहेर ढकलण्याचें काम रक्ताचा दाब करितो; तें आंत धरून ठेवण्याचें काम रक्तांतील प्रथिनें करितात; आणि बाहेर पडलेलें पाणी गोळा करून पुनः रक्तांत आणून सोडण्याचें काम रसवाहिन्या नांवाच्या सूक्ष्म नळ्या करितात. या ओढाताणीचा सिद्धांत अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानें १८९६ सालीं मांडला. पुढें त्यांत सुधारणा झाल्या, तरी त्याचा गाभा अद्याप टिकून आहे.

यावरून सूज येण्याचे मुख्य मार्ग चार ठरतात. शिरांतील दाब वाढला तर पाणी अधिक बाहेर पडतें. हृदय थकलें, शिरांच्या झडपा निकामी झाल्या किंवा शिरेंत रक्ताची गुठळी अडकली म्हणजे असें होतें. मूत्रपिंडांनीं मीठ व पाणी बाहेर टाकण्याचें काम नीट केलें नाहीं, तरीही हा दाब वाढतो. दुसरें, रक्तांतील प्रथिनें घटलीं तर पाणी धरून ठेवणारें बळ कमी पडतें; मूत्रपिंडांतून प्रथिनें वाहून जाणें, यकृतानें तीं तयार न करणें अथवा पोटाला पुरेसें अन्न न मिळणें हीं त्याचीं कारणें. तिसरें, जंतूंनीं अथवा विषानें केशवाहिन्यांच्या भिंतीच सैल झाल्या तर माठ पाझरायचा सोडून गळूं लागतो. आणि चौथें, रसवाहिन्या बंद पडल्या तर बाहेर आलेल्या पाण्यास परत जाण्यास वाट राहत नाहीं. न्हाणीघरांत पाणी तुंबलें तर तें उपसून टाकणें हें काम खरें. पण नळ जास्त सुटला आहे कीं मोरी बुजली आहे, हें पाहिल्याशिवाय उपसणाऱ्याचे श्रम वायां जातात.

मग ही सूज पायांसच प्रथम कां दिसावी ? याचें उत्तर पृथ्वीच्या आकर्षणांत आहे. उभ्या माणसाच्या घोट्यांतील शिरांवर हृदयापर्यंतच्या साऱ्या रक्तस्तंभाचें वजन पडतें. तें रक्त चढावर नेण्यासाठीं निसर्गानें दोन युक्त्या केल्या आहेत. एक म्हणजे शिरांतील झडपा. त्या रक्तास वर जाऊं देतात, खालीं येऊं देत नाहींत. पादुआच्या विद्यापीठांतील फॅब्रिसियस यानें १६०३ सालीं या झडपांचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि त्याचाच शिष्य विल्यम हार्वी यानें १६२८ सालीं रक्ताभिसरण सिद्ध करितांना त्यांचा खरा उपयोग दाखवून दिला. दुसरी युक्ति म्हणजे पोटरीचे स्नायु. मनुष्य चालूं लागला कीं पोटरी आंवळते व सुटते, आणि हात-पंपाप्रमाणें रक्त वर ढकलते. म्हणूनच तासन् तास एके जागीं उभे राहणारे दुकानदार, वाहतूक पोलीस किंवा शिक्षक, आणि पाय लोंबते सोडून लांबचा प्रवास करणारे उतारू यांच्या घोट्यांवर संध्याकाळीं सूज दिसते. रात्रभर पाय आडवे राहिले कीं ती उतरते. एवढ्याच सुजेनें घाबरून जाण्याचें कारण नाहीं.

सूज ओळखावी कशी, हें प्रत्येक घरांत ठाऊक असलें पाहिजे. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या थोडें वर, अंगठ्यानें सुमारें दहा सेकंद दाबून धरावें आणि बोट उचलावें. त्या जागीं खळगा पडून तो हळूहळू भरूं लागला तर कातडीखालीं पाणी सांचलें आहे असें समजावें. मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वण, पैंजण घट्ट होणें, कातडी ताणून चकचकीत दिसणें याही खुणा आहेत. अंथरुणास खिळलेल्या रोग्याचीं पावलें मात्र फसवितात. कारण पाणी खोलगट जागेकडे जातें, आणि निजलेल्या माणसाची खोलगट जागा म्हणजे कंबरेचा मागचा भाग. अशा रोग्याची कंबर दाबून पाहावी. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. सर्व शरीरांत पाणी सांचूं लागलें तर दोन-तीन लिटर जमेपर्यंत डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं; तें प्रथम वजनाच्या कांट्यास कळतें. म्हणून हृदयाचा विकार असलेल्या रोग्यानें रोज सकाळीं शौचमुखमार्जन झाल्यावर, न्याहारीपूर्वीं, वजन करून तें टिपून ठेवावें. तीन दिवसांत वजन दोन किलोंहून अधिक वाढलें तर सुजेची वाट न पाहतां डॉक्टरांस कळवावें.

सूज आहे हें ठरल्यावर चार प्रश्न विचारावे. ती एका पायास आहे कीं दोन्ही ? अचानक आली कीं सावकाश ? सकाळीं अधिक असते कीं संध्याकाळीं ? आणि तिच्या जोडीला आणखी काय आहे ? या चार प्रश्नांचें महत्त्व कळण्यासाठीं, एकाच घरांत तिघांचे पाय सुजले आहेत अशी कल्पना करावी.

त्या घरांतील आजोबा सत्तरीचे. रक्तदाबाचा विकार जुना. दोन्ही पाय संध्याकाळीं फुगतात, जिना चढतांना धाप लागते, आणि अलीकडे त्यांस रात्रीं दोन उशा उशाशीं घेतल्याखेरीज झोंप येत नाहीं. सुनेस आठवा महिना लागला आहे. पायांबरोबर तिचीं बोटें व चेहराही आठवड्याभरांत सुजला आहे आणि डोकें सारखें ठणकत आहे. मुलाचा पाय मोडल्यामुळें तो महिनाभर प्लॅस्टरमध्यें होता. प्लॅस्टर निघालें, पण कालपासून ती एकच पोटरी फुगून दुखूं लागली आहे. घरांतील आजी मायाळू. सुनेस ती म्हणते, "अग, गरोदरपणांत पाय सुजायचेच. माझेही सुजत होते." मुलास म्हणते, "थांब, तेल कोमट करतें आणि पोटरी चांगली चोळून देतें." आणि सून आजोबांस म्हणते, "मामंजी, शेजारच्या काकांना ज्या गोळीनें उतार पडला, ती तुमच्यासाठीं आणवूं का ?"

तिघांच्याही बोलण्यांत आणि करण्यांत प्रेम आहे. पण त्या प्रेमानें तिन्ही ठिकाणीं अनर्थ ओढवूं शकतो. आजोबांचें हृदय थकलें आहे असा संशय येण्यास पुरेशी जागा आहे. दुसऱ्याची गोळी घेतल्यास सूज कदाचित् उतरेल, परंतु हृदयाची तपासणी लांबणीवर पडेल. शिवाय त्या गोळीनें रक्तांतील पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा संभव असतो. सुनेची गोष्ट याहून निकडीची. गरोदरपणीं पायांस थोडी सूज येणें स्वाभाविक आहे. पण विसाव्या आठवड्यानंतर हात व चेहरा एकाएकीं सुजणें, डोकें दुखणें, डोळ्यांपुढें अंधारी येणें किंवा बरगड्यांखालीं पोटांत कळ येणें हीं लक्षणें दिसलीं, तर त्याच दिवशीं रक्तदाब मोजून घेतला पाहिजे आणि लघवींत प्रथिनें जातात काय तें तपासलें पाहिजे. या विकाराकडे दुर्लक्ष झाल्यास झटके येऊन माता व मूल दोघांच्याही जिवावर बेततें. आणि मुलाच्या पोटरींत गुठळी असण्याचा संभव आहे. पाय पुष्कळ दिवस निश्चल राहिला कीं खोल शिरेंत रक्त गोठतें. ती पोटरी चोळली तर गुठळी सुटून रक्ताबरोबर फुप्फुसांत जाऊन अडकूं शकते. मग छातींत कळ, धाप आणि कधीं कधीं तत्काळ मृत्यु. एका पायास अकस्मात् सूज आली तर तो चोळूं नये, दाबूं नये. रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. ध्वनिलहरींच्या यंत्रानें शिरेंतील गुठळी दिसते व रक्त न गोठूं देणाऱ्या औषधानें तिच्यावर उपाय होतो. म्हणजे पाहा, सूज एकच. पण एकास हृदयाची तपासणी, दुसरीस प्रसूतितज्ज्ञाचा सल्ला आणि तिसऱ्यास रुग्णालय!

एकाच दिसणाऱ्या सुजेमागें निरनिराळीं कारणें असतात, हा धडा वैद्यकास फार कष्टानें मिळाला आहे. अठराव्या शतकांत इंग्लंडांत अंगांत पाणी सांचण्याच्या दुखण्यास एकच नांव होतें आणि तें असाध्य समजलें जात असे. १७७५ च्या सुमारास विल्यम विदरिंग या डॉक्टराकडे श्रॉपशायरमधील एका वृद्ध स्त्रीचें घरगुती औषध आलें. त्यांत वीसएक वनस्पति होत्या. त्यांपैकीं गुण देणारी एकच, फॉक्सग्लोव्ह नांवाचें फुलझाड, असें त्यानें ओळखलें. दहा वर्षें रोगी तपासले. आणि १७८५ सालीं दीडशेंहून अधिक रोग्यांची हकीकत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. विशेष हें कीं जेथें यश आलें नाहीं त्या हकीकतीही त्यानें छापल्या. कांहींचें पाणी भराभर उतरलें, कांहींस मुळींच गुण आला नाहीं. याचें एक उत्तर पुढें लंडनच्या गायज् रुग्णालयांतील रिचर्ड ब्राइट यानें १८२७ सालीं दिलें. सुजलेल्या रोग्यांची लघवी चमच्यांत घेऊन मेणबत्तीवर तापविली असतां कांहींची अंड्याच्या पांढऱ्याप्रमाणें थिजते, आणि अशा रोग्यांचीं मूत्रपिंडें मरणोत्तर तपासणींत बिघडलेलीं आढळतात, हें त्यानें दाखविलें. एक चमचा आणि एक मेणबत्ती एवढ्याच साधनांनीं हृदयाची सूज व मूत्रपिंडाची सूज वेगळी करण्याची वाट सांपडली. आजही सुजेच्या रोग्याची पहिली तपासणी लघवीचीच असते.

मूत्रपिंडाच्या सुजेची घरांत ओळखतां येण्याजोगी खूण म्हणजे सकाळीं उठतांच पापण्या सुजलेल्या दिसणें आणि लघवीस न विरणारा फेंस येणें. यकृत बिघडलें असेल तर पायांबरोबर पोट फुगतें आणि डोळ्यांत पिवळेपणा दिसूं शकतो. पाय लाल, गरम झाला असून ताप असेल तर जंतूंचा प्रादुर्भाव समजावा. मधुमेह्यानें अशा वेळीं एक दिवसही दवडूं नये. पाय वर्षानुवर्षें जाड होत जाऊन कातडी राठ झाली आणि दाबल्यास खळगा पडेनासा झाला, तर रसवाहिन्या बंद झाल्या असाव्या. हत्तीपाय तो हाच. त्याचे सूक्ष्म कृमि डांसांच्या शरीरांत वाढतात हें पॅट्रिक मॅन्सन यानें १८७७ सालीं चीनमधील अमॉय येथें शोधून काढलें. आपल्याकडे विदर्भाच्या पूर्व भागांत हा रोग पुष्कळ काळ ठाण मांडून आहे. त्यावर लघवीच्या गोळीचा उपयोग नाहीं. पाय रोज साबणानें धुऊन कोरडा ठेवणें, भेगा व जखमा जपणें, पाय उंच ठेवणें आणि सरकारी मोहिमेंत मिळणाऱ्या कृमिनाशक गोळ्या घेणें हाच मार्ग.

आणि घरांतील अनेक माणसांचे पाय एकाच वेळीं सुजले तर ? मग दोष कोणाच्याही हृदयांत शोधूं नये. स्वयंपाकघरांतील तेलाच्या डब्यांत शोधावा. मोहरीसारख्या दिसणाऱ्या पिवळ्या धोत्र्याच्या बियांची भेसळ तेलांत झाली म्हणजे तिच्या विषानें केशवाहिन्या गळूं लागतात. १८७७ सालीं कलकत्त्यांत ही साथ प्रथम नोंदली गेली. आणि १९९८ सालीं दिल्लींत भेसळीच्या मोहरीच्या तेलानें हजारों लोक आजारी पडून सुमारें साठ दगावले. अशा वेळीं तें तेल तत्काळ बंद करावें, पण फेंकून न देतां तपासणीसाठीं राखून ठेवावें.

औषधांमुळेंही सूज येते. रक्तदाबासाठीं दिली जाणारी ॲम्लोडिपिन ही गोळी, आयबुप्रोफेन व डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, आणि स्टिरॉइड हीं त्यांचीं नेहमींचीं उदाहरणें. गोळी सुरू झाली केव्हां आणि पाय सुजले केव्हां, हें तारखेनिशीं लिहून डॉक्टरांस दाखवावें. मात्र रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करूं नये. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा दुसरें औषध देतात.

आतां घरगुती उपायांविषयीं. पहिला उपाय मिठाचा. शरीर मिठाच्या मागें पाणी धरून ठेवितें, म्हणून हात आंखडावा तो पाण्याच्या तांब्यावर नव्हे, मिठाच्या बरणीवर. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास दिवसास पांच ग्रॅमहून कमी मीठ सांगितलें आहे. म्हणजे एक लहान चमचा, आणि तोही सगळ्या पदार्थांत मिळून. लोणचें, पापड, सांडगे, फरसाण आणि बाजारांतील चिवडा यांनीं हा चमचा केव्हांच भरून जातो. उपवासाचें सैंधव निरुपद्रवी असतें अशी पुष्कळांची समजूत आहे. तीही चुकीची, कारण सैंधव हेंही मीठच. पाणी किती प्यावें हें ज्या रोग्यास डॉक्टरांनीं मोजून दिलें असेल त्यानें तें पाळावें. इतरांनीं तहान मारूं नये. दुसरा उपाय पाय उंच ठेवण्याचा. दिवसांतून तीन-चार वेळां वीस मिनिटें आडवें होऊन, पाय उशांवर हृदयाहून उंच ठेवावे. खुर्चीवर बसून समोर स्टुलावर पाय ठेवल्यानें अर्धेंच काम होतें. धाप लागणाऱ्या रोग्यानें मात्र हें विचारून करावें. तिसरा उपाय चालण्याचा; आणि बसल्या जागीं घोटे वर-खालीं हलविण्याचा. शिरांच्या झडपा निकामी झालेल्यांस घट्ट मोज्यांचा चांगला उपयोग होतो. परंतु ज्याच्या पायांतील रोहिण्या अरुंद झाल्या आहेत त्यास तेच मोजे घातक ठरतात, म्हणून ते तपासणीनंतरच घ्यावे. पुनर्नवेसारख्या वनस्पति आपल्या वैद्यकांत सुजेवर परंपरेनें सांगितल्या आहेत. पण काढा घेत घेत तपासणी टाळणें हें परंपरेसही मान्य नाहीं, कारण निदान हें त्याही शास्त्रांत चिकित्सेच्या आधींच येतें.

श्रोतेहो, या साऱ्यांतून लक्षांत ठेवावयाचें तें थोडें. संध्याकाळीं येऊन सकाळीं जाणारी थोडी सूज मिठाच्या संयमानें व चालण्यानें आंवरते. दोन आठवडे टिकणारी सूज डॉक्टरांस दाखवावी. लघवी, रक्त आणि हृदय यांच्या तपासणींत बहुधा कारण सांपडतें. एका पायाची अकस्मात् सूज, गरोदर स्त्रीच्या चेहऱ्याची सूज, आणि धाप किंवा छातींतील कळ यांसह आलेली सूज, या तिहींस उद्यांचा वायदा देऊं नये. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवितां येते. आपल्या घरांत वडील माणसांच्या पायां पडण्याची रीत आहे. नमस्कारासाठीं वांकणाऱ्या मुलानातवंडांनीं त्या पावलांकडे क्षणभर नीट पाहावें, आणि तीं फुगलेलीं दिसलीं तर "हें केव्हांपासून ?" एवढें विचारावें. वडील माणूस आपण होऊन तें सांगत नाहीं.